घोरपड होती की नव्हती?

२०२२ या एका वर्षात शिवकाळावरचे पाच मराठी सिनेमे थिएटरात लागले. फेब्रुवारीत ‘पावनखिंड’, एप्रिलमध्ये ‘शेर शिवराज’, मे महिन्यात ‘सरसेनापती हंबीरराव’, दसऱ्याला ‘शिवप्रताप गरुडझेप’ आणि दिवाळीत ‘हर हर महादेव’. यातल्या दोन सिनेमांत तर तेच बाजीप्रभू, तीच खिंड आणि आषाढातली तीच रात्र. पुढे काय होणार हे थिएटरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक. तरी बाहेर पडताना लोक भांडत होते. बाजी असा बोलला असता का? बांदलांचं नाव नीट घेतलं का? विशाळगडावरून तोफा किती वाजल्या?

शेवट माहीत असलेल्या गोष्टीवर इतकं भांडण का होतं, हा प्रश्न मला पडला तो अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर. डिसेंबर २०१७ मध्ये स्टार वॉर्सचा ‘द लास्ट जेडाय’ आला आणि आमच्या मजल्याचे दोन तट पडले. म्हातारा झालेला ल्यूक स्कायवॉकर हातातली तलवार मागं भिरकावून देतो, हे काहींना पटेना. “आपला ल्यूक असं करणारच नाही,” हे वाक्य बेल्ह्याच्या एका पोरानं ज्या तळमळीनं म्हटलं, तसं तो स्वतःच्या चुलत्याबद्दलही बोलला नसता. सहा महिन्यांनी, १ जून २०१८ ला, ‘फर्जंद’ आला. कोंडाजी फर्जंदनं ६० मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला, १६७३ सालची ही गोष्ट. पुन्हा तेच दोन तट आणि तीच वाक्यं. फक्त ल्यूकच्या जागी कोंडाजी. दिग्पाल लांजेकरांनी शिवकाळावर आठ सिनेमे करायचं ठरवून मांडलेल्या ‘शिवराज अष्टका’तला हा पहिला. पुढं ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ असा एकेक भाग येत गेला आणि दर वेळी वाद नव्यानं रंगला.

तसं पाहिलं तर अंतराळावर आमचा हक्क जास्त. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही खोडदला एकत्र आणि बाकीच्या आजूबाजूच्या गावांत दूरवर पसरलेल्या. टोमॅटोच्या वावरामागून ती तबकडी हळूच मान वळवताना दिसते तेव्हा जॉर्ज लुकासच्या सेटची गरज वाटत नाही. पण माझ्या ओळखीत त्या तबकड्यांवरून कुणी कधी भांडलेलं नाही. भांडण होतं ते शिवनेरीवरून.

स्टार वॉर्सच्या भांडणात एक सोय आहे. त्या गोष्टीला मालक आहे. १९७७ च्या पहिल्या सिनेमात खानावळीत बसलेला हान सोलो समोरच्या ग्रीडोला गोळी घालतो. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत लुकासनं ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली, आणि हान सोलोचा स्वभावच बदलला म्हणून चाहते आजही चिडलेले आहेत. पण चिडण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं. २०१२ मध्ये डिस्नेनं लुकासफिल्म विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर करून टाकलं की सिनेमे आणि ‘क्लोन वॉर्स’ सोडून तोवरच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, खेळ हे सगळं यापुढं ‘लेजेंड्स’, म्हणजे दंतकथा. तीन-साडेतीन दशकं लोकांनी वाचलेलं, जपलेलं एका निवेदनानं अधिकृत यादीतून बाहेर.

आपल्याकडे असं निवेदन काढणार कोण?

सिंहगडाची घोरपड घ्या. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढले, उदेभानाशी लढताना पडले, गड स्वराज्यात आला. इथपर्यंत वाद नाही. वर चढले कसे? शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात यशवंती नावाची घोरपड आहे. तिला दोर बांधून सोडतात, ती मागं फिरते, तानाजी तिला दरडावतात आणि मग ती वर जाते. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या काळात जिंजीत बसून बखर लिहिली, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी. त्यात घोरपड नाही. निवडक मावळे वानरांसारखे कडा चढले, एवढंच तो सांगतो. शिवाय किल्ला चढायला घोरपड वापरल्याची हीच गोष्ट घोरपडे घराण्याच्या आडनावामागेही सांगतात, आणि ती बहमनी काळातली, तानाजींच्या जवळपास दोनशे वर्षं आधीची. म्हणजे बहुधा गोष्टच एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर चढली.

आमच्या हॉस्टेलवर मेकॅनिकलच्या एकानं घोरपडीच्या नखांची पकड, दोराचा कोन आणि मावळ्याचं वजन धरून कागदावर गणित मांडलं होतं. उत्तर घोरपडीच्या विरोधात गेलं. समोरच्यानं कागद बाजूला सारून विचारलं, “मग शाहीर खोटं गाईल का?” मला तेव्हा हा प्रश्न हास्यास्पद वाटला नाही, आजही वाटत नाही. सभासद दरबाराला सांगत होता, तुळशीदास गावाला. दरबाराला निकाल हवा असतो. गावाला त्या रात्रीची भीती हवी असते, आणि मागं फिरणारी घोरपड ही ती भीती आहे. सत्य म्हणून ती मला पटत नाही. पण पोवाड्यातून काढून टाका म्हणाल तर मी तुमच्या बाजूला उभा राहणार नाही.

याच प्रसंगाचं दुसरं टोक सगळ्यांच्या तोंडी आहे, सिंह गेल्याचं. सभासदाकडे सिंह नाही. तिथं महाराज एका गडाच्या बदल्यात दुसरा गड गेला अशा अर्थाचं बोलतात. सिंहाला घरोघरी पोचवलं ते हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीच्या नावानं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आणि तानाजींमुळे किल्ल्याचं नाव सिंहगड पडलं म्हणावं तर १६६३ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रातच ‘सिंहगड’ आहे, लढाईच्या सात वर्षं आधी. तरी दर नव्या सिनेमात शेवटी तेच वाक्य येतं, आणि ते आलं नाही तर प्रेक्षक पैसे परत मागतील.

सिनेमात हे सगळं आलं कोल्हापूरमार्गे. बाबूराव पेंटरांनी आपट्यांच्या कादंबरीवरून १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, हे त्या काळी नवं होतं. त्यात शेलारमामा झालेला तरुण म्हणजे व्ही. शांताराम. पुढं शांतारामांनी दिग्दर्शनाची सुरुवात ‘नेताजी पालकर’पासून केली आणि १९३० मध्ये प्रभातच्या ‘उदयकाल’मध्ये ते स्वतः शिवाजी झाले. या सिनेमाचं आधीचं नाव ‘स्वराज्याचं तोरण’ होतं. इंग्रज सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द खुपला, नाव बदलावं लागलं. सतराव्या शतकाच्या गोष्टीवर विसाव्या शतकातलं सरकार चिडतं, ही आपल्या मालिकेची रीत पहिल्या दहा वर्षांतच पडली. १९३३ मध्ये प्रभातनंच बोलपट ‘सिंहगड’ काढला. म्हणजे रीमेकची तक्रारही जुनीच.

मग भालजी पेंढारकर. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा कोल्हापूरचा स्टुडिओ जळाला. तो माणूस त्या राखेतून उठून १९५२ मध्ये ‘छत्रपती शिवाजी’ करतो, पुढं ‘पावनखिंड’, मग १९६४ मध्ये ‘मराठा तितुका मेळवावा’. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांढरे बंधू दोघंही त्यांच्या सिनेमांत शिवाजी झाले. आमच्या आजीच्या पिढीसाठी महाराजांचा चेहरा म्हणजे चंद्रकांतचा. जत्रेतल्या तंबूत पडद्याच्या मागच्या बाजूनं बसून तिनं तो पाहिला होता, त्यामुळे तिच्या आठवणीतले महाराज डावखुरे आहेत.

चेहऱ्याचा हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. एके काळी शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जाणारं एक प्रसिद्ध चित्र मुळात इब्राहिम खान नावाच्या भलत्याच माणसाचं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी ते दाखवून दिलं आणि डच संग्रहातून मिळालेलं महाराजांचं चित्र १९३३ मध्ये लोकांपुढं ठेवलं. शांताराम ‘उदयकाल’मध्ये शिवाजी झाले त्यानंतर तीन वर्षांनी. म्हणजे आधी नट आला, मग चेहरा सापडला. आज नव्या नटाचा पहिला फोटो येताच नाक बरोबर नाही म्हणून ओरड होते, तेव्हा मला बेंद्रेंची आठवण येते.

माझ्या पिढीचा चेहरा मात्र घरचाच. २००८ मध्ये स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ सुरू झाली आणि त्यात शिवाजी झालेले अमोल कोल्हे नारायणगावचे. पंचक्रोशीत त्या मालिकेची समीक्षा कशी होत असेल याची कल्पना करा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्या. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात आणि पहिला प्रश्न असतो, यंदा वग कोणता? वग जुना असला तरी चालतं, पण राजा झालेला माणूस राजासारखा बसला नाही तर प्रेक्षक जागेवरून सांगतात. अशा प्रेक्षकापुढं कोल्हे सिंहासनावर बसले आणि त्यानं त्यांना पास केलं. पुढं त्यांनी ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये संभाजी महाराज केले, आणि ती मालिका चालू असतानाच २०१९ मध्ये ते शिरूरमधून खासदार झाले. जुन्नर आणि आंबेगाव याच मतदारसंघात. मतं मालिकेला पडली की माणसाला, यावर मंचरच्या एसटी स्टँडवर अजूनही तास घालवता येतो.

पण या मालिकेनं केलेलं मोठं काम वेगळंच आहे. संभाजी महाराजांची गोष्ट हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं उलटलेलं पान. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मल्हार रामराव चिटणिसानं बखर लिहिली. संभाजी महाराजांनी ज्या बाळाजी आवजी चिटणिसांना देहदंड दिला, त्यांचा हा वंशज. त्याच्या बखरीतला संभाजी रागीट, व्यसनी, बाईच्या नादी लागलेला. ती बखर पुढच्या नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी उचलली. भालजींनीही १९४१ मध्ये ‘थोरातांची कमळा’ काढला, संभाजी आणि कमळेची प्रेमकथा. शंभर-दीडशे वर्षं हाच ‘अधिकृत’ संभाजी होता. बेंद्रेंनी सुमारे चाळीस वर्षं कागद धुंडाळून १९६० मध्ये चरित्र लिहिलं आणि बखरीतली एकेक गोष्ट तपासून पाडली. मग कमल गोखल्यांचं संशोधन, १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ आणि शेवटी मालिका. एका अभ्यासकानं कागदावर केलेली दुरुस्ती टीव्हीवरून स्वयंपाकघरात पोचायला ५७ वर्षं लागली. आमच्या धंद्यात याला डिप्लॉयमेंट म्हणतात, आणि दोन तास उशीर झाला तरी मॅनेजर फोन करतो.

या दुरुस्तीला दुसरी बाजूही आहे. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा रात्रीतून उखडून मुठेत टाकण्यात आला. कारण ‘राजसंन्यास’, गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं नाटक. ते गेले १९१९ मध्ये. त्यांच्यासमोर जे साधन होतं त्यावर त्यांनी लिहिलं, बेंद्रेंचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी आलं. जुन्या आवृत्तीत चूक होती म्हणून ती लिहिणाऱ्याला नदीत टाकायचं असेल, तर आज नवी आवृत्ती लिहिणाऱ्यांनी पोहायला शिकलेलं बरं.

वंशजांची तक्रार हा प्रकार स्टार वॉर्सला ठाऊक नाही. ग्रीडोचे नातू कोर्टात जात नाहीत. इथं फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ हा हिंदी सिनेमा आला तेव्हा गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांच्या चित्रणावर शिर्के घराण्यातल्या लोकांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली. त्याआधी ट्रेलरमधल्या लेझीमच्या नाचावरून वाद झाला, तो प्रसंग कापला गेला. मला लेझीमचा मुद्दा फुसका वाटतो, शिर्क्यांचा नाही. ज्या घराला साडेतीनशे वर्षांनंतर शाळेत, लग्नाच्या बैठकीत, यात्रेत त्या एका प्रसंगावरून ऐकून घ्यावं लागतं, त्याच्यासाठी हा सिनेमा करमणूक नाही. आणि मान मिळण्याच्या बाबतीतही तसंच. घोडखिंडीतल्या लढाईत बांदलांची माणसं मेली. त्यानंतर जेध्यांकडचं मानाचं पहिलं पान बांदलांना देण्यात आलं, असं जेध्यांच्या घरातली परंपराच सांगते. मान सोडणाऱ्या घरानं ते जपून ठेवलं. शाळेत मात्र आम्ही फक्त बाजीप्रभूंचं नाव शिकलो. २०२२ च्या ‘पावनखिंड’नं बांदल सेनेला पडद्यावर आणलं, हे मला त्या सिनेमाचं सगळ्यात मोठं श्रेय वाटतं, बाकी त्यातल्या स्लो मोशनबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ असलं तरी.

भांडण कुठवर जाऊ शकतं हे त्यानंतरच्या काळात दिसलं. ‘हर हर महादेव’चा खेळ ठाण्यात बंद पाडला गेला, अटका झाल्या. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल उसळली आणि विधानसभेत ‘छावा’चं नाव निघालं. मला त्याहून जास्त लागली ती एप्रिल २०२४ मधली गोष्ट. अष्टकात शिवाजी साकारणाऱ्या चिन्मय मांडलेकरांना मुलाच्या नावावरून इतकं ट्रोल केलं गेलं, त्यांच्या घरच्यांबद्दल इतकं घाण लिहिलं गेलं, की यापुढं महाराजांची भूमिका करणार नाही असं त्यांनी जाहीर करून टाकलं. ‘द लास्ट जेडाय’मध्ये काम केलेल्या केली मेरी ट्रॅनलाही २०१८ च्या जूनमध्ये असंच छळून इन्स्टाग्रामवरून घालवलं होतं. ‘फर्जंद’ आला तोच महिना. ज्यांनी मांडलेकरांना घालवलं त्यांनी बहुतेक सगळे भाग पाहिले असणार. न पाहणाऱ्याला कुठं इतका वेळ असतो?

आता शिवनेरीकडे. आमच्याकडे शिवजयंती दोनदा होते. एक १९ फेब्रुवारीला, सरकारी, मुख्यमंत्री येतात, रस्ते बंद असतात. दुसरी तिथीनं, फाल्गुन वद्य तृतीयेला. त्यामागंही असाच आवृत्त्यांचा वाद आहे. बखरींप्रमाणे जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ चा. १९१६ मध्ये टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली छापली, तिच्यात शके १५५१ चा फाल्गुन निघाला, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढं कित्येक दशकं अभ्यासक भांडले. १९६६ मध्ये सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली, आणि तारीख सरकारी कॅलेंडरवर पक्की व्हायला नवं शतक उजाडलं. एवढं करून तिथीवाले गड चढायचे थांबले नाहीत. दोन्ही दिवशी भंडारा उधळला जातो, दोन्ही दिवशी पाळणा म्हटला जातो. जुन्नरचे हारवाले दोन्ही पक्षांचे.

आणि ज्या गडावर हे सगळं चालतं, त्याची एक गोष्ट अजून कुठल्याच मोठ्या सिनेमानं उचललेली माझ्या पाहण्यात नाही. शिवाजी महाराजांना आपल्या हयातीत शिवनेरी कधीच घेता आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी मुघलांचं जुन्नर शहर लुटलं, पैसा आणि घोडे नेले, पण वरचा किल्ला तसाच राहिला. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर जुन्नरला आला तेव्हा गडावर मुघलांचा अंमल होता. राज्याभिषेक होऊन वर्ष झालं होतं. १६७८ मध्ये मराठ्यांनी पुन्हा प्रयत्न केला. रात्री दोर लावून शे-तीनशे माणसं कडा चढून गेली, किल्लेदार अब्दुल अजीज खान सावध होता, कापाकापी झाली. उरलेल्यांना पकडून त्यानं दुसऱ्या दिवशी सोडून दिलं आणि त्यांच्याबरोबर निरोप धाडला, की मी इथं आहे तोवर हा किल्ला तुम्हाला मिळायचा नाही. असं गडाच्या इतिहासात सांगतात.

मी ही गोष्ट गेल्या वर्षी हॉस्टेलच्या जुन्या ग्रुपवर टाकली. कडा, रात्र, दोर, सगळं सिंहगडासारखंच, फक्त निकाल उलटा. बेल्ह्याचा तो मित्र आता हिंजवडीत असतो. रात्री पावणेबाराला त्याचं उत्तर आलं, “यावर पिक्चर काढला तर मी फोडीन थिएटर.” आणि मिनिटभरानं दुसरं, “अब्दुल अजीज खान कोण करेल पण?” मेकॅनिकलवाल्यानं लगेच दोन नावं सुचवली. पहाटे दोनपर्यंत चाललं ते.